रेघेच्या अलीकडची ज्वारी

ज्वारी कमरेला आली. काल गावाकडं, साखऱ्याला गेले तर एसटीतून उतरल्या उतरल्या पिशवी ओट्यावर टाकली आणि तशीच रानाकडं पळाले. माय मागून ओरडली, "अगं च्या तरी पी, भूत लागलं का मागं!" भूतच म्हणा. गेल्या हिवाळ्यात आमच्या वरच्या तुकड्यात एक रेघ दिसायची. ती ह्या हिवाळ्यात दिसते का नाही, एवढंच मला बघायचं होतं. काय दिसलं ते सांगते, पण आधी गेला हिवाळा सांगू द्या, नाहीतर तुम्हाला वाटेल ह्या पोरीला याड लागलं.

वरचा तुकडा म्हणजे वीस गुंठे काळं रान, शोभाआत्याचं. ती अप्पांची थोरली बहीण. सासर सुटलं तेव्हा आज्यानं तिला म्हणून तेवढा तुकडा दिला. तिला लेकरूबाळ नव्हतं. ती, तिचं रान, तंबाखूची डबी आणि मी. बाकीच्या रानात अप्पांची सत्ता, आणि अप्पांचा सगळा जीव हळदीत. आत्याच्या तुकड्यातही ते एखाद्या वर्षी हळद लावायचे, विहीर जवळ आहे म्हणून. आत्या लावू द्यायची. पण अट एकच, हळद निघाली की त्या रानात मूग.

"हळद खादाड हाय मने," ती मला सांगायची. "रान चाटूनपुसून खाती. मूग रानाला जेवू घालतो."

अप्पा चिडवायचे, "आन् आम्हाला कोण जेवू घालतं?"

"तू तर जेवूनच बसलेला असतो! रानाचं बोलून राहिले मी."

एक पीक निघून गेल्यावर त्याचं रानात जे मागं राहतं त्याला आमच्याकडं बेवड म्हणतात. मुगाचा बेवड चांगला, हरभऱ्याचा चांगला, कापसाचा तेवढा नाही. पीक डोळ्यांपुढून गेलेलं असतं, विकलेलं असतं, खाऊन संपलेलं असतं, पण जमिनीला ते आठवत असतं आणि पुढचं पीक त्या आठवणीवर वाढतं. मला हा शब्द लहानपणी दारू पिणाऱ्या माणसाचा वाटायचा. आता तोच शब्द ऐकला की अंगावर काटा येतो.

आणि हे जे बेवडाचं आहे ना, ते मुळात मुळ्यांना असलेल्या गाठींचं आहे. मी अकरावीत शिकले, पण मला ते आत्यानं त्याच्या कितीतरी आधी दाखवलं होतं. मूग फुलावर आला की ती एक झाड अलगद उपटायची, माती झाडायची, मुळीवरची मोहरीएवढी गाठ नखानं फोडायची. आत लाल. खरंच लाल, बोट कापल्यासारखी. "रगत हाय. म्हणजे जित्ती हाय. काम करून राहिली." पांढरी किंवा हिरवट निघाली की म्हणायची, हिचं काम झालं. त्या गाठीत बारीक जिवाणू राहतात. हवेत बहुतेक सगळा नत्रच भरलेला आहे, आपल्या नाकातोंडातून जातो येतो, पण कुठल्याच पिकाला तो हवेतून घेता येत नाही. हे जिवाणू तो पकडतात आणि झाडाला देतात, झाड त्यांना साखर देतं. शेंगा तोडून मूग तसाच रानात गाडला की तोच नत्र कुजून पुढच्या पिकाला मिळतो. म्हणजे युरियाच्या पोत्यात जे असतं तेच! मुगाच्या मुळीला मोहरीएवढं दुकान काढून बसलेले! मी हे कुणालाही सांगायला लागले की थांबत नाही, आमच्या रूममधल्या पोरी उशीखाली डोकं घालतात.

हिंगोलीहून त्या जिवाणूंचं पाकीट मीच आणायचे. आत्या गुळाचं पाणी करून ते बियाण्याला चोळायची, गोणपाटावर सावलीत वाळवायची आणि मला दहादा दटावायची, "पाकीट उन्हात ठेवू नको गं, लेकरं मरतेत."

लेकरं म्हणायची ती त्यांना.

गेल्या वर्षी मृग झाला, वापसा आला, म्हणजे रान पेरण्याजोगं झालं, आणि आत्याचा फोन आला. मी तेव्हा हिंगोलीतच रूमवर, टायपिंगच्या क्लासला. "मने, आज टोकण करून राहिले. कलाबाई कळमनुरीला लेकीकडं गेली. तू ये, दोघी मिळून दिवस बुडायच्या आत उरकू." कलाबाई म्हणजे कलामावशी, आत्याची जोडीदारीण. दोघींची सावड होती, आज हिच्या रानात दोघी, उद्या तिच्या रानात दोघी. मी म्हणाले, "आज क्लास हाय आत्या. उद्या सकाळच्या गाडीनं येते, पक्कं."

क्लास बाराला सुटला होता. एकच्या गाडीनं जाता आलं असतं. मी मैत्रिणीसोबत ड्रेस बघायला गेले. घेतला पण नाही, रंग आवडला नाही.

आत्यानं एकटीनं सुरुवात केली. एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत दोरी ताणायची, दोरीच्या कडेनं खुरप्यानं खळगी करायची, दोन दाणे टाकायचे, पायानं माती लोटायची, पुढं. मग दोरी उचलून पुढची ओळ. ती अर्ध्या तुकड्यापर्यंत आली. शेवटची ओळ मधेच सोडून घरी आली, म्हणाली छातीत भरून आल्यासारखं वाटून राहिलं. अप्पांनी गाडी करून दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. मी ठरलेल्या गाडीनंच गेले, पण साखऱ्याला नाही, सरळ दवाखान्यात.

उरलेला मूग कुणी टोकला नाही. घरात सुतक, मग झड लागली, मग वापसाच येईना, आणि मुगाची वेळ निघून गेली. त्या अर्ध्यात गवत माजलं, अप्पांनी वखर फिरवला.

पण आत्याचा मूग उगवला. तेच मला सहन होत नव्हतं. माणूस जातं आणि त्यानं टाकलेलं बी मात्र ठरल्या दिवशी वर येतं, दोन पानांनी, मग तीन पानांनी. फुलावर आला तेव्हा मी एकटी गेले, एक झाड उपटलं आणि गाठ फोडली. लाल. तिला जाऊन दीड महिना झाला होता आणि जमिनीखाली तिचं काम चालू होतं. मी विहिरीवर हात धुतले, तीनदा धुतले, तरी दिवसभर नखाकडं बघत होते.

बायांनी शेंगा तोडल्या, अप्पांनी रोटाव्हेटर फिरवून झाडं रानात मिसळली आणि पुढं सगळ्या वीस गुंठ्यांत रब्बीची ज्वारी पेरली. एकच बी, एकच दिवस, एकच पाभर. खत काहीच नाही.

दिवाळी झाली. ज्वारी गुडघ्याला आली आणि एक दिवस सकाळी मी बांधावर जाऊन उभी राहिले.

रानाच्या मधोमध रेघ होती. अलीकडं ज्वारी काळपट हिरवी, पानं रुंद, ताटं जाड. पलीकडं पोपटी, किडकिडीत, खालची पानं टोकाकडून पिवळी पडत आत आलेली. मधे काही नाही, बांध नाही, दोरी नाही, नुसता रंग बदलत होता. आणि त्या रेघेत एका जागी, साधारण मधोमध, खाच होती. तिथपर्यंत रेघ एक ओळ पुढं होती, तिथून एक ओळ मागं. अर्धी राहिलेली ओळ. आत्या जिथं उठली ती जागा.

तुम्ही म्हणाल नत्राचा फरक आहे, त्यात काय एवढं. अहो मला ठाऊक आहे नत्राचा फरक आहे! मीच सगळ्यांना सांगत फिरते! म्हणून तर भीती वाटली. भूत असतं तर कुणी म्हणालं असतं भास झाला. हा भास नव्हता, हा बेवड होता. आत्या कुठपर्यंत आली होती हे ज्वारीच्या एकेका पानाला बराबर माहीत होतं. आणि रेघेच्या पलीकडचं पिवळं रान माझं होतं. एकच्या गाडीनं आले असते तर तिथंही मूग झाला असता.

मग मला त्या रेघेचा नादच लागला. दर शनिवारी घरी. सकाळी दवात गेलं की काळपट बाजूचं दव वेगळं चमकायचं. काळ्या रानाला थंडीत भेगा पडतात, मी रेघेवर बसून भेगेत वाकून बघायचे, मुगाची मुळी दिसते का. कधीकधी वाटायचं आता त्या खाचेच्या जागी ताटं हलतील आणि आत्या उठून म्हणेल, आलीस व्हय गं उद्याची. पूर्ण ऊन असायचं, शेजारच्या रानात माणसं बोलत असायची, तरी वाटायचं.

एका शनिवारी अप्पा युरियाचं पोतं घेऊन बांधावर. विहिरीचं पाणी ज्वारीला द्यायचं होतं, त्याआधी पिवळ्या अर्ध्यात मुठी मुठी फेकायचा बेत. मी धावत जाऊन पोत्यावर बसले.

"ऊठ मने."

"न्हाई उठत."

"पिवळं पडून राहिलं ते. डोळे फुटले का तुझे?"

"दिसतं म्हणूनच म्हणते. टाकू नका. सारखं होऊन जाईल सगळं."

"मग सारखंच करायचं असतं पिकाला! दोन रंगाचं रान लोक बघून हसून राहिले."

"हसू द्या. ती कुठवर आली होती ते दिसतं तिथं अप्पा. दुसरं काय राहिलं तिचं?"

अप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि खांद्यावरचा टॉवेल झटकून निघून गेले. पोतं तिथंच. मला वाटलं मी जिंकले. घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

संक्रांतीच्या आधी हुरडा केला. आत्या होती तेव्हा दरवर्षी करायची म्हणून मायनं हट्टानं केला. बांधाच्या कडेला आगटी, गोवऱ्यांचा धूर, कणसं भाजायची, तळहातावर चोळायची, फुंकायची, तिळाच्या चटणीबरोबर खायची. कणसं साहजिकच काळपट बाजूची, दाणे टपोरे, दुधाळ, गोड. पिवळ्या बाजूला कणसं होती पण लहान लेकराच्या मुठीएवढी. सगळे खात होते, वा वा करत होते. मी पहिला घास घेतला आणि एकदम डोक्यात आलं की हा गोडवा कुठून आला. तिच्या दोन दाण्यांचा मूग, मुगाच्या गाठीतलं ते लाल, ते कुजून ज्वारीत, ज्वारीतून माझ्या दाताखाली. मी आत्याला खाऊन राहिले. उठून बांधापलीकडं गेले आणि घास थुंकून टाकला.

कलामावशी मागं आली. तिनं पाठीवर हात फिरवला नाही. ती तसली नाहीच.

"काहून थुकली गं?"

"मावशी, तिचं हाय ते."

"मग? तिनं कुणासाठी केलं? कुत्र्यासाठी?" ती खाली बसली, पिवळ्या बाजूचं एक ताट वाकवून मला दाखवलं. "हे बघ. हे उपाशी हाय. पोत्यावर बसून तू ह्याच्या तोंडचा घास काढला, ऐकलं मी. शोभा असती तर तिनं तुला त्याच पोत्यात घातलं असतं."

"मला रेघ ठेवायची मावशी."

"रेघ! तू तिचं रान जपून राहिली का तुझं पाप जपून राहिली?"

मी रडले. ती थांबली, माझं होईपर्यंत तिनं तंबाखू मळून घेतली. मग म्हणाली, "आन् एक ऐक. बेवड एका पिकाला पुरतो, लई तर दोन. जन्माला न्हाई पुरत. तिचं अर्धंबी ह्या ज्वारीनं खाल्लं आता. पुढच्या साली तूच बघ, आपोआप पुसतंय का न्हाई."

हे मला माहीत होतं, पुस्तकातलं होतं! तरी मी स्वतःला कधी सांगितलं नव्हतं.

त्याच दिवशी संध्याकाळी अप्पा विहिरीच्या कठड्यावर बसले होते. मी जाऊन म्हणाले, टाका अप्पा युरिया. ते म्हणाले आता टाकून उपेग न्हाई, दाणा भरला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुला वाटून राहिलं मला पिकाची पडली होती?"

मी कठड्यावर त्यांच्या शेजारी बसले.

"त्या दिवशी मी खालच्या रानात हळद लावून राहिलो होतो. शोभी बांधावर टेकलेली दिसली मला. म्हणलं बसली असंल तंबाखू मळत. हाक मारली. तिनं हात वर केला. मीबी केला." अप्पांनी खरंच हात वर करून दाखवला, आणि तो खाली घ्यायचा विसरले. "आन् लागलो कामाला. बोलवून राहिली होती का काय, कुणास ठाऊक. ती रेघ दिसली की हात दिसतो मला, मने. रोज. तुला ठेवायची होती, मला पुसायची होती."

वीस गुंठ्यांत आम्ही दोघं दोन-अडीच महिने एकाच जागेकडं बघत होतो आणि मला वाटत होतं ती मला एकटीलाच दिसते.

ज्वारी काढली, कडबा बांधला, उन्हाळा गेला. ह्या वर्षी अप्पांनी वरच्या तुकड्यात हळदीचं नावसुद्धा काढलं नाही. मृगानंतर वापसा आला तशी मी टोकणीच्या आदल्या दिवशीच साखऱ्याला हजर, क्लास बुडवून. पाकीट ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं होतं. आम्ही सगळ्या तुकड्यात मूग टोकला. सुरुवात मात्र मी उलट्या बाजूनं केली, पिवळ्या अर्ध्याच्या शेवटच्या बांधापासून, म्हणजे टोकत टोकत तिच्यापर्यंत येता येईल. दोरीचं एक टोक कलामावशीकडं, एक अप्पांकडं. अप्पांनी जन्मात टोकण केली नव्हती, ते बायांचं काम. दोरी ढिली सोडायचे तर मावशी ओरडायची, "ताणा की दाजी! दोरी हाय ती, पाळणा न्हाई!"

दुपार कलली तेव्हा आम्ही त्या जागेला आलो. अर्ध्या ओळीला. मला ती जागा तेव्हा डोळे झाकून सांगता आली असती, म्हणून खुणेला साधी काडीसुद्धा रोवली नाही. उरलेली अर्धी ओळ टोकली. कंबर मोडली होती, तरी खाली बसायची हिंमत होईना. अप्पा म्हणाले, "चला, थांबू नका, पुढं." मग तिच्या अर्ध्यातूनही टोकत गेलो, अलीकडच्या बांधापर्यंत.

मूग चांगला झाला. श्रावणात एकच झाड उपटलं, पलीकडच्या अर्ध्यातलं. गाठ फोडून बघितली. लाल. मी कुणाला न सांगता ते झाड परत मातीत खोचून आले, जसं काही ते जगणारच होतं.

आणि काल पळत गेले ती ह्यासाठी.

ज्वारी कमरेला होती आणि सगळी एका रंगाची होती. काळपट हिरवी, ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत. मी आधी खूश झाले, खरं सांगते, टाळी वाजवली एकटीनंच. मग रेघ शोधायला लागले. कुठंतरी थोडी तरी असेल ना. अलीकडं दोन वर्षांचा मूग, पलीकडं एका वर्षाचा, फरक राहायला पाहिजे. डोळे बारीक करून बघितलं, बांधावर चढून बघितलं, वाकून ताटांच्या बुडाशी बघितलं. आत शिरले, ओळी मोजायला लागले आणि मोजता मोजता चुकले.

अप्पा आले, मागून कलामावशी गवताचा भारा घेऊन चाललेली. मी विचारलं, "अप्पा, ती कुठवर आली होती?"

"ही काय," अप्पांनी लगेच हात केला, "त्या लिंबाच्या सावलीच्या रेषेत."

मावशीनं भारा खाली टाकला. "काहीबी काय दाजी! लिंब कुठं आन् ती कुठं. हिकडं, विहिरीच्या पाइपाच्या समोर."

मला दोन्ही पटेनात. मला वाटत होतं ती जागा आणखी पुढं होती, मी उभी होते तिथून दहा पावलं. तिघांनी तीन जागा दाखवल्या आणि तिघांनाही आपापली पक्की ठाऊक होती. अप्पांचा हात वर होता तसाच राहिला, मग हळूहळू खाली आला.

मावशी भारा उचलून गेली. अप्पा विहिरीकडं गेले. मी ज्वारीत उभी राहिले, सगळीकडं सारखाच हिरवा रंग, सारखाच सळसळ आवाज, आणि पाय उचलवेना, कुठं ठेवावा तेच कळेना. आता ती ह्या वीस गुंठ्यांत कुठंही थांबलेली असू शकते.